पाखराला पोट असतं

माणूस भेटला की आपण विचारतो, "कसे आहात?" आमचे घरमालक हा प्रश्न कधीच कोणाला विचारत नसत. त्यांचं म्हणणं असं, की याचं खरं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही, मग विचारायचं कशाला? ते भल्या सकाळी व्हरांड्यात यायचे, पिंजऱ्याखाली अंथरलेला कालचा पेपर बाहेर ओढायचे, चष्मा कपाळावर सरकवून त्यावर वाकायचे आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "शी कशी?" मग उत्तरही स्वतःच द्यायचे. "बरी आहे." किंवा, "पातळ. कोण रे तू? समोर ये." मी तेव्हा वर स्वयंपाकघरात डब्याच्या पोळ्या लाटत असायची. नव्या घरातली माझी सकाळ अशा शब्दांनी सुरू होईल, हे काही मी मनात आणलं नव्हतं.

घर वसईजवळ गिरीजला होतं. खाली मालक एकटे, वर भाड्याने आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. मागे त्यांची केळी-नारळाची वाडी, ती त्यांचा पुतण्या बघायचा. मालक विमा कंपनीतून रिटायर झालेले. लोकांच्या घरी जाऊन मृत्यूचे दावे तपासणं, हे त्यांचं काम. म्हणायचे, "प्रत्येक घरात मी एकच वाक्य ऐकलं. काल तर छान जेवले हो." त्यामुळे की काय, माणूस तोंडाने जे सांगतो त्यावर त्यांचा काडीचा विश्वास राहिला नव्हता. भाडेकरूंवर तर नव्हताच नव्हता.

घर बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, सगळं विचारून घेतलं. मालकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "तुम्ही नॉनस्टिक तवा वापरता?"

मी म्हटलं, "हो. मावशीने लग्नात दिलाय."

"मावशीला परत द्या. तापला की त्यातून वाफ सुटते. तुम्हाला वासही येणार नाही आणि खाली माझी पाखरं टपाटप पडतील."

मग पुढची यादी आली. मच्छरची कॉइल नाही, फवारा नाही, रूम फ्रेशनर नाही, फिनेल नाही. भाड्याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "आणि उदबत्ती नाही." तोवर गप्प बसलेल्या सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. त्या कोरेगावकडच्या, गळ्यात तुळशीची माळ, सासरे गेल्यावर नुकत्याच आमच्याकडे आलेल्या. म्हणाल्या, "उदबत्ती न्हाई म्हंजे? मग देवापुढं काय लावू, तुमची पाखरं?" मला वाटलं, गेलं हे घर. पण मालकांना त्यांचं ते उसळणं पटलं असावं. त्यांनी तोडगा काढला. मागच्या गॅलरीत बांबूला एक लाल फीत बांधली. फीत वाडीच्या दिशेला उडत असेल तर उदबत्ती लावायची, पिंजऱ्याच्या दिशेला उडत असेल तर थांबायचं. पुढे कितीतरी वेळा आंघोळ करून, सोवळ्याने बसलेल्या माझ्या सासूबाई वारा फिरायची वाट बघत मालकांना शिव्या घालताना मी पाहिल्या आहेत.

पिंजरा म्हणजे काय, खोलीच होती ती. व्हरांड्याचा अर्धा भाग जाळीने बंद केलेला, आत पेरूच्या आणि शेवग्याच्या फांद्या टांगलेल्या. निळी, हिरवी, पिवळी बजरी, म्हणजे ते छोटे परदेशी पोपट. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, लव्हबर्ड!" की मालक खेकसायचे, "लव्हबर्ड वेगळा. हे बजरी." एकदा कोणीतरी झाडावरून पडलेलं रानपोपटाचं पिल्लू घेऊन आलं. हौसेने ठेवून घेतील असं त्याला वाटलं असणार. मालकांनी त्याला दारातच उभा केला, रानातला पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे हे समजावलं आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत पिल्लाला सावलीत ठेवून त्या माणसाला उन्हात बसवलं.

खाण्याची तर तऱ्हाच वेगळी. राळे, वरी, बाजरी, नाचणी, सगळं धुऊन, वाळवून, पाखडून. सूर्यफुलाच्या बिया चिमूटभर. "तो यांचा वडापाव आहे. आवडतो म्हणून रोज द्यायचा नसतो." सकाळी शेवग्याचा कोवळा पाला, कधी माठ, कधी कोथिंबिरीची जुडी उलटी टांगलेली. बाटलीतली जीवनसत्त्वं पाण्यात घालायला त्यांचा कडवा विरोध. म्हणायचे, "चव बदलली की पाखरू पाणीच सोडतं. औषधही गेलं आणि पाणीही गेलं." कॅल्शियमसाठी किनाऱ्यावर जायचे. माकूल नावाच्या मासळीच्या पाठीतलं ते पांढरं हलकं हाड, समुद्रफेस म्हणतात त्याला, भरतीनंतर वाळूत पडलेलं असतं. ते पिशवी भरून आणायचे, खार निघेपर्यंत गोड्या पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचे आणि मग आमच्या गच्चीत वाळत घालायचे. आमच्या पापडांशेजारी. सासूबाईंना तो मासळीचा अंश म्हणून चालत नसे, त्या पापडाची चादर मुकाट्याने दुसऱ्या टोकाला ओढायच्या. मालक दुपारी येऊन ऊन गेलं म्हणून समुद्रफेस पुन्हा पापडांकडे सरकवायचे. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण गच्चीवर हा खेळ दिवसभर चालायचा.

आणि अंडं. विणीच्या दिवसांत मादीला आणि पिल्लांना उकडलेलं अंडं लागतंच, यावर ते ठाम. टरफल भाजून, कुटून त्याची पूड अंड्यातच मिसळायची. दिवसातून दोनदा, ताजं. दोन तासांनी उरलेलं काढून वाटी घासायची, नाहीतर आपल्या इथल्या दमट हवेत ते आंबतं आणि पिल्लं जातात. अंडं उकडायच्या वेळी सासूबाई वर खिडक्या लावून घ्यायच्या. आमच्या घरात अंडं येत नव्हतं. मला पुरणपोळीपेक्षा ऑम्लेट जास्त आवडतं, पण मी ते ऑफिसच्या कँटीनमध्येच खायची आणि घरी येताना बडीशेप चघळायची.

मालकांचा विरंगुळा म्हणजे तुळिंजला जाऊन भांडून येणं. तिथे बाजारात पाखरांचं एक दुकान होतं. एकदा मला काहीतरी घ्यायचं होतं म्हणून त्यांच्याबरोबर रिक्षाने गेले. दुकानदाराने एका बाईला पिवळी पूड पुडीत बांधून दिली होती. मालकांनी विचारलं, "हे कशावर?"

"सब पे चालतं अंकल. सर्दी, जुलाब, पंख गळतात, सगळ्यावर."

"मग तू घे. मघापासून खोकतोयस."

मग त्या बाईला त्यांनी भर दुकानात शिकवणी दिली. पाखरू पिसं फुलवून गोळा होऊन बसलं, शेपटी श्वासाबरोबर खालीवर हलायला लागली, एका पायाऐवजी दोन्ही पायांवर झोपायला लागलं, की ते आजारी आहे. आधी ऊब द्यायची. खोक्यात, एका बाजूला पिवळा बल्ब, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. आणि मग पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, पुडीवाल्याकडे नाही. दुकानदार कानात काडी घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने काउंटरखालून एक छोटा पिंजरा काढला. आत एक हिरवी मादी, फुगून बसलेली. "अंकल, ही तुमच्यासाठी ठेवली होती." मालकांनी त्याला आणखी थोडं झापलं आणि पूर्ण किंमत देऊन ती घेतली. दर वेळी असंच व्हायचं म्हणे. तो आजारी पाखरं यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि हे ओरडून घेऊन यायचे. आता यात शहाणा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या हिरव्या मादीनेच आमच्या घरातलं शीतयुद्ध संपवलं. खोक्यात बल्बखाली ठेवलेली. मालकांना डॉक्टरने सांगितलेलं औषध आणायला लांब जायचं होतं. जिन्याखाली उभे राहून ते वर बघत म्हणाले, "बाय, जरा बल्बकडे लक्ष ठेवाल?" वसईकडे बाईमाणसाला मानाने 'बाय' म्हणतात. सासूबाई पुटपुटल्या, "कोंडून ठेवायचं आन् वर लक्ष ठेवा म्हणायचं," पण खाली गेल्या. आणि नेमकी वीज गेली. मालक परत आले तेव्हा सासूबाई गरम पाण्याची पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्याला टेकवून बसल्या होत्या आणि त्या पाखराला सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणाची हकीकत सांगत होत्या. आम्हाला त्यांनी ती कधी सांगितली नव्हती. मालक दाराबाहेर थांबले. हकीकत संपल्यावरच आत गेले. पाखरू जगलं. मालक पाखरांना नावं देत नसत, पण सासूबाईंनी तिचं नाव सगुणा ठेवलं आणि ते चाललं.

त्यानंतर सासूबाईंची दुपार व्हरांड्यात जायला लागली. मालक आमच्याशी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि पाखरांशी आपल्या घरच्या बोलीत. त्यातलं निम्मं आम्हाला कळायचं नाही. संध्याकाळची रोझरी, म्हणजे त्यांची ख्रिस्ती जपमाळही ते पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकूनच म्हणायचे. सासूबाई बाजूला जपमाळ ओढत बसायच्या. पाखरांचा कलकलाट चालू असायचा.

मग आली एकादशी. मी ऑफिसमधून आले तर खाली रणधुमाळी. सासूबाईंनी दुपारी पिंजऱ्यातल्या धान्याच्या वाट्या उचलून घेतल्या होत्या आणि त्या जागी साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. मीठ, जिरं, दाण्याचं कूट, सगळं घातलेली. मालक लाल झाले होते. "पस्तीस ग्रॅमचा जीव तो. दिवसभर दाणे टिपले नाहीत तर संध्याकाळपर्यंत आडवा होतो. आणि वर मीठ?"

"अवं, एकादशीला धान्य कसं खातील? मुकी झाली म्हून काय पुण्य नको त्यास्नी?"

"बाय, माझाही ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. मी मटण सोडलंय. पाखरांना सोडायला लावलं का मी काही? पाखराला पोट असतं. धर्म नसतो."

"मग रोज सांजच्याला त्यांच्यापुढं बसून रोझरी कुणासाठी म्हणताव?"

विम्याचा माणूस आता काय म्हणतो ते बघायला मी चहा करायला वर न जाता तिथेच उभी राहिले. मालक खिचडीची वाटी पिंजऱ्याबाहेर काढत म्हणाले, "वरी चालते का तुमच्या एकादशीला?"

"वऱ्याचे तांदूळ? चालत्यात की."

"मग ती तर यांच्या खाण्यात आहेच. एकादशीला वरी जास्त घालतो."

असा तह झाला. त्या दिवसापासून दर एकादशीला वसईच्या एका ख्रिस्ती घरातली पाखरं वरीवर असायची. सासूबाई गावाकडे फोन करून सांगायच्या, "आमची पाखरंसुदिक एकादशी करत्यात."

आता काट्याचं सांगते. पाखरू आजार लपवतं, हा मालकांचा लाडका सिद्धांत. थव्यात जो आजारी दिसला त्याला शिकारी आधी उचलतो, म्हणून ते शेवटपर्यंत ताठ बसतं. तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे तोंडावर जायचं नाही, वजनावर जायचं. रोज सकाळी छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक पाखरू बसवून ते वजन करायचे. आणि महिन्याच्या एका रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आटपून आले की, आमचं. वाडीत केळीचे घड तोलायचा मोठा काटा होता, त्यावर. भाडेकरारात असं काही नव्हतं. पण "जरा खाली या" म्हणून हाक आली की जावं लागायचं. नवरा चढायचा, मी पोट आत घेऊन चढायची. मालक म्हणायचे, "पोट आत घेऊन वजन कमी होत नसतं." सासूबाई पहिले काही महिने गेल्याच नाहीत. "केळ्याच्या काट्यावर म्या बसू? माझा काय बाजार मांडलाय?" पुढे निऱ्या धरून, पदर सावरून चढायला लागल्या. मालक आकडा मोठ्याने वाचत नसत. नुसतं "हं" म्हणायचे. वजन उतरलं असेल तर "हं" जरा लांबायचा आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या हाती वर केळी यायची.

मी एकदा चिडून विचारलं, "अंकल, हा कसला छंद?" मला वाटलं होतं, टोलवतील. ते घडांवरची पानं झटकत म्हणाले, "माझी बायको रोज सांगायची, बरी आहे. मी रोज ऐकायचो आणि दुसऱ्यांच्या घरचे दावे तपासायला जायचो. तिचा हात हातात घेतला असता तरी कळलं असतं, किती हलका झाला होता." त्या रविवारपासून मी पोट आत घेणं सोडलं.

आता या सगळ्यात एक गोष्ट आमच्या डोक्यात कधी आलीच नाही. ती आली सासूबाईंच्या. एका रविवारी आमची वजनं झाली, मालक काटा बंद करायला वाकले आणि सासूबाई म्हणाल्या, "मालक, आता तुम्ही चढा."

"मी काटा धरतो, बाय. मी कशाला चढू?"

"तुमचं घड्याळ कोपरापतुर घसरतंय. पट्ट्याला नवं भोक पाडलंय तुम्ही, खिळ्यानं. म्या बघतीय."

"उन्हाळा आहे. मी बरा आहे."

"तोंडावर जायचं न्हाई म्हंता न्हवं? चढा."

मालक हसले, वेळ मारून न्यायला बघू लागले. सासूबाई काट्यासमोरून हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि ते चढले. आकडा मीच वाचला. सहा फुटांच्या माणसाचा तो आकडा असणं शक्यच नव्हतं. मालक म्हणाले, "काटा बिघडलाय." पुतण्याने सकाळीच तोललेला घड पुन्हा काट्यावर ठेवला. काटा बरोबर होता.

तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन केलं तर आशा चांगली आहे, मात्र थांबू नका. पुतण्या संध्याकाळी वर आला आणि डोकं धरून बसला. "नाही म्हणतायत ते. सगुणाने विणीच्या मडक्यात पिल्लं काढलीत. ती उडेपर्यंत महिना तरी जाईल. तोपर्यंत इथून हलणार नाही म्हणतायत." त्याचं स्वतःचं असं, की केळी सांगा, नारळ सांगा, पाखरातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मालक एकदा दोन दिवस गावाला गेले होते तेव्हा याने पाखरांना दुधात पाव भिजवून घातला होता, ते मालक अजून विसरले नव्हते.

मी खाली गेले. म्हटलं, अंकल, मी सकाळी अंडं उकडून ठेवून जाईन. ते शांतपणे म्हणाले, "आणि दुपारचं? सकाळचं उरलेलं दहाला कोण काढणार? आंबलेला एक घास पिल्लाच्या पोटात गेला की संपलं." मी नोकरीवर, नवरा नोकरीवर. दिवसभर घरात असणारं माणूस एकच होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी जिन्याकडे बघितलं, तर ते लगेच म्हणाले, "त्यांना विचारायचं नाही. त्यांच्या गळ्यात माळ आहे. मी अशा गोष्टी समोरच्याला विचारत नाही." इतकी वर्षं माझ्या नॉनस्टिक तव्यावर, कॉइलवर, उदबत्तीच्या धुरावर हक्क सांगणारा हा माणूस, जीव टांगणीला लागल्यावर एक साधी गोष्ट मागायला तयार नव्हता. मला इतका राग आला. सगुणाच्या दोन पिल्लांसाठी हा मरायला निघालाय आणि वर सभ्यपणा दाखवतोय, असं मी वर येऊन नवऱ्याला मोठ्याने सांगितलं. मोठ्याने अशासाठी, की सासूबाई आतल्या खोलीत होत्या. विचारायचं नाही एवढंच त्यांनी मला बजावलं होतं.

सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. देवापुढे बराच वेळ बसल्या. फीत पिंजऱ्याकडे उडत होती, म्हणून उदबत्तीही लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पेपर बघत होते आणि सासूबाई जिना उतरून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागे होते. म्हणाल्या, "अंडं कसं उकडत्यात, दावा."

मालक वळले. "बाय, नको. तुमची माळ."

"माळ माझ्या गळ्यात हाय. पाखरांच्या न्हाई. तुम्हीच म्हनलाव न्हवं, पाखराला पोट असतं, धर्म नसतो?"

"ते मी चिडून म्हणालो होतो."

"म्या चिडून न्हाई म्हनत. दावा लवकर, मला परत न्हायचं हाय."

तो सकाळचा सोहळा मी विसरणार नाही. सासूबाईंनी हातात पुतण्याचे वाडीतले रबरी मोजे घातले होते. पहिलं अंडं त्यांनी इतक्या लांबून पातेल्यात टाकलं की ते फुटलं. दुसऱ्यालाही तडा गेला. मालक खुर्चीत बसून सांगत होते, पाणी गार असताना ठेवा, मग गॅस लावा, उकळी आली की इतका वेळ. घड्याळ बघायला सासूबाईंनी नकार दिला आणि देवाचं नाव घेत माळेचे मणी मोजले. तिसरं अंडं नीट झालं. सोलताना त्यांनी तोंड फिरवलेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं होतं कोण जाणे. त्यांनी टरफल भाजलं, कुटलं, अंड्यात मिसळलं, वाटी पिंजऱ्यात ठेवली. सगुणा मडक्यातून बाहेर आली आणि थेट वाटीवर बसली. सासूबाई म्हणाल्या, "खा, भवाने," आणि वर आंघोळीला गेल्या. मालक त्याच दिवशी दवाखान्यात भरती झाले.

पुढचे कितीतरी दिवस सासूबाई रोज दोनदा अंडं उकडायच्या आणि दोनदा डोक्यावरून न्हायच्या. दवाखान्यात भेटायच्या वेळी पुतण्या फोन लावून द्यायचा. तिकडून बारीक आवाज यायचा, "शी कशी?" आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी मला एकदा जुलाब झाले तेव्हा असल्या विषयावर पदराआड बोलायचं म्हणून मला दटावलं होतं, त्या गॅलरीत उभ्या राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगायच्या, "हिरवी हाय, मधी पांढरी, घट्ट वेटोळं. एकाची जरा पातळ हुती, कोथमिरीनं. म्या कोथमीर बंद केली." तिकडून आवाज यायचा, "बरोबर केलंत."

मालक परत आले, आणि त्यानंतर चांगली काही वर्षं राहिले. गेले त्याला आता वर्ष होईल. ते गेले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यासाठी सुतक पाळलं. कोणत्या नात्याने, असं नवऱ्याने विचारल्यावर त्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो उठून गॅलरीत गेला. पण मला मालक आठवतात ते ऑपरेशननंतरच्या त्या दिवसांतले. घरी आले तेव्हा नुसती हाडं. डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलेलं आणि यांना अन्न नकोसं झालेलं. दर रविवारी सासूबाई त्यांना केळ्यांच्या काट्यावर चढवायच्या आणि आकडा बघून लांब "हं" म्हणायच्या. मग एक दिवस पातेल्यात दोन अंडी दिसली. एक पाखरांना, एक मालकांना. मालकांचं त्या सोलून, मीठ-मिरी लावून द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

एका सकाळी चर्चमधून फादर आले होते, आजारी माणसाला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद द्यायला. मालक खुर्चीत हात जोडून, डोळे मिटून बसलेले. मी आणि पुतण्या मागे उभे. फादर हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते. सासूबाई मागच्या दाराने स्वयंपाकघरातून आल्या, दोन्ही हातांत दोन वाट्या, आणि मधल्या कपाटामुळे त्यांना फादर दिसलेच नाहीत. आल्या त्या रोजच्या ठणठणीत आवाजात विचारत आल्या.

"मालक, आज शी कशी?"

फादर थांबले. पुतण्याने जमिनीकडे बघितलं. माझी तर धरणीमाय पोटात घे अशी अवस्था. मालकांनी डोळे उघडले. आता ते म्हणणार, बरी आहे. कोणीही तेच म्हटलं असतं. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या वाट्यांकडे.

"पातळ," ते म्हणाले. "दोन दिवस झाले. थोडं रक्तही आहे. मी सांगणार नव्हतो."

सासूबाईंनी वाट्या खाली ठेवल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन मालकांचा हात हातात घेतला, उचलून जरासा तोलला आणि खाली ठेवला. मग फादरांकडे वळल्या.

"तुमची प्रार्थना झाली का हो? झाली आसंल तर गाडी काढा. दवाखान्यात जायचं हाय."